बिनरमचं कोठार

“पिंप कुठंय, हल्डा?” एसाहेलकाकांनी घोड्यावरून उतरायच्या आधीच विचारलं.

आई अंगणात फळ्या टाकून केलेल्या टेबलावर डोनटांची परात ठेवत होती. तिनं परात नीट सरकवली, कमरेला बांधलेल्या फडक्याला हात पुसले आणि मग विचारलं, “कसलं पिंप, भाऊजी?”

“कसलं म्हणजे? रमचं. आत्ता सगळा गाव येईल.”

“रम नाही. रविवारी प्रार्थना संपल्यावर मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं.”

“ते होय! मला वाटलं, पाद्रीबाबा समोर उभे होते म्हणून म्हणालीस.”

मी आईच्या मागं उभी राहून आलं किसत होते. आलं, काकवी आणि शिरका विहिरीच्या गार पाण्यात घालून आईनं दोन मोठे माठ भरले होते. काकांनी एका माठात डोकावून पाहिलं, वास घेतला आणि चेहरा असा केला की जणू आम्ही त्यांना घोड्याचं औषध पाजणार होतो.

“हे पिऊन माणसं तुळया उचलणार?”

“उचलतील.”

“बरं,” काका म्हणाले, आणि घोडा बांधायला निघून गेले. एवढ्या लवकर ते ‘बरं’ कधीच म्हणत नसत. मला तेव्हाच काहीतरी शिजतंय असं वाटलं.

ही १८२८ सालच्या जूनमधली गोष्ट. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला, नव्या कालव्यापासून दिवसभराच्या वाटेवर, डोंगरात आमचं पाइन हॉलो नावाचं गाव होतं. मी सतरा वर्षांची होते. नाव मेहिटेबल प्रॅट, पण एवढं लांब नाव घ्यायला गावात कुणाला सवड नव्हती, म्हणून मेहिटी.

आमच्याकडे कोठार बांधायचं ते इर्जिकीनं. गुरं, गवत, धान्य, सगळं त्या एका कोठारात राहायचं, म्हणून ते घरापेक्षा मोठं असायचं. सुतार महिनाभर आधी तुळया तासून, खाचा पाडून ठेवायचा. मग एक दिवस ठरवून गावातले सगळे पुरुष यायचे आणि संध्याकाळपर्यंत सांगाडा उभा करून जायचे. मजुरी कुणी घेत नसे. घ्यायचे ते जेवण आणि रम. रम कामाच्या आधी, रम मध्ये, रम नंतर. शेवटी एक जण सगळ्यात वरच्या तुळईवर चढायचा, उभ्याउभ्या बाटली रिकामी करायचा आणि कोठाराला नाव द्यायचा. आता आमचे पाद्रीबाबा दारूविरुद्ध आवेशानं बोलू लागले होते हे खरं, पण पाच वर्षांपूर्वी चर्चचं छप्पर चढवलं तेव्हा पहिला पेला त्यांनीच उचलला होता आणि दुसराही.

तीन वर्षांपूर्वी असंच एका शेजाऱ्याचं कोठार उभं राहिलं, तेव्हा नाव द्यायला वर चढले होते ते माझे बाबा, एबेन प्रॅट. ते तिथून पडले आणि उठलेच नाहीत. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. रमचं नाव कुणी काढलं नाही, कारण सगळ्यांनीच प्यायली होती.

त्यानंतर आईनं शेत एकटीनं सांभाळलं. म्हणजे मी होते, पण मी तेव्हा कामापेक्षा जास्त बोलत असे. मग या उभारणीच्या आदल्या हिवाळ्यात बर्फाच्या भारानं आमचं जुनं कोठार बसलं. काका बाबांचे मोठे भाऊ. ते आले, त्यांनी पडलेलं छप्पर पाहिलं आणि म्हणाले, “झालं तेवढं पुष्कळ झालं. तुम्ही दोघी आमच्याकडे या. जमीन मी बघतो.” आईनं पुढच्या गवतापर्यंत मुदत मागितली. जुलैत गवत कापायचं. तोवर कोठार उभं राहिलं तर गवत आत जाईल, हिवाळ्यात गुरं जगतील आणि आम्ही आमच्या घरात राहू. नाही राहिलं, तर काकांच्या स्वयंपाकघरामागची ती अंधारी खोली. मी ती खोली पाहिली होती. तिथे काकांचे जुने बूट राहत.

काका वाईट नव्हते. मनापासून सांगते. त्यांना फक्त मतदानाचं वेड लागलं होतं. दोन वर्षांपूर्वी राज्यात कायदा बदलला होता आणि जमीन नसलेल्या गोऱ्या पुरुषांनाही मत मिळालं होतं. काका गावसभेचे अध्यक्ष, आणि त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या जनरलच्या पक्षाचे. खानावळीत खुर्चीवर चढून ते सांगत, “ज्यानं रस्त्याला खडी घातली, त्याचा रस्ता! ज्यानं घाम गाळला, त्याला मत!” त्या वर्षी आमच्याकडे कशावरही मतदान व्हायचं. चर्चची घंटा कुठल्या दोरानं ओढायची यावर झालं. काकांच्या घरी जेवायला बटाटे की सलगम यावरसुद्धा व्हायचं. घरात ते आणि काकू दोघंच. काका मत मागायचे, स्वतःचा हात वर करायचे आणि निकाल सांगायचे. सबमिटकाकूचं मत विचारायचं त्यांच्या ध्यानातच येत नसे.

नियमांचे मात्र ते पक्के होते. मार्चच्या गावसभेत कुणीतरी एका हाताबरोबर टोपीही वर केली आणि ती दोनदा मोजली गेली. तेव्हापासून काकांनी नियम केला होता की हात पूर्ण वर हवा, तळवा उघडा हवा आणि त्यात काही नको.

नऊच्या सुमाराला माणसं जमली. नेहमीसारखी एकेकदोनदोन करून न येता सगळी एकदम आली, तेव्हाच माझी खात्री झाली की रस्त्यात कुठेतरी यांचं बोलणं झालंय. त्यांच्याबरोबर आलेली काकांची गाडी कुंपणापलीकडे झाडाखाली उभी होती आणि तिच्यावर ताडपत्री होती. एवढ्या उन्हात ताडपत्री कशाला, असं मी आईला म्हटलं. ती म्हणाली, “मला दिसतंय. तू डोनट वाढ.”

सांगाड्याचा मुकादम होता टायटस फ्रीलँड. त्या तालुक्यातला सगळ्यात चांगला सुतार. आमच्या तुळया त्यानंच तासल्या होत्या. टायटस काळा माणूस होता, जन्मानं गुलाम, आता पंचवीसेक वर्षं स्वतंत्र. उभारणीच्या वेळी मुकादम कशालाही हात लावत नाही. तो बाजूला उभा राहून हाक देतो आणि बाकीचे सगळे त्या हाकेवर एकदम जोर लावतात. गावातले पुरुष एरवी टायटसला ‘अरे’ म्हणायचे, पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. जीव प्यारा असतो माणसाला.

पहिली चौकट जमिनीवर जोडून आडवी पडली होती. पुरुष तिच्या एका अंगाला ओळीनं उभे राहिले.

“सगळे मिळून,” टायटसनं हाक दिली, “वर!”

चौकट गुडघ्यापर्यंत आली, मग खांद्यापर्यंत. मग एकेकानं लोखंडी टोकाच्या लांब काठ्या घेतल्या, लाकडात रुतवल्या आणि खालून रेटू लागले. चौकट सगळ्यांच्या डोक्याच्या वर गेली. अजून थोडं रेटलं की ती उभी राहणार, तेवढ्यात काका ओरडले, “थांबा!”

आणि सगळे थांबले. ठरलेलंच होतं ते. डोक्यावर ओकची अवजड चौकट, खाली काठ्या धरून गावातले झाडून सगळे पुरुष, आणि कुणी हलेना.

टायटसचा चेहरा उतरला. “साहेब, ही थांबायची जागा नाही.”

“थांबलोय एवढं खरं,” काका काठीखालून म्हणाले. “हल्डा, माझ्या गाडीत एक पिंप आहे. मेहिटीला सांग, घेऊन ये. एकेक घोट होऊ दे, की लगेच वर नेतो.”

“आणि नाही आणलं तर?” आईनं विचारलं.

“तर आम्ही असेच उभे राहू.”

“राहा,” आई म्हणाली आणि एका ओंडक्यावर जाऊन बसली.

मला आईचा इतका अभिमान वाटला आणि इतकी भीतीही वाटली, की काय करावं ते सुचेना. ही माणसं चिडून निघून गेली तर पुन्हा येणार नव्हती. जुलै समोर होता आणि ती बुटांची खोलीही.

पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की निघून जाणं तितकं सोपं नव्हतं. एकानं काठी सोडली तर त्याचा भार शेजाऱ्यावर. दोघांनी सोडली तर चौकट सगळ्यांच्या डोक्यात. बहिष्कार टाकायला त्यांनी जागाच अशी निवडली होती की तिथून कुणाला घरी जाता येत नव्हतं. हे पुरुषांच्याही लक्षात यायला लागलं. त्यांच्या कपाळावरचा घाम आता वेगळा दिसत होता.

“टायटस,” कुणीतरी मागून म्हणालं, “खाली घे रे हे.”

टायटसनं आईकडे पाहिलं, मग चौकटीकडे. “खाली आणायची हाक मला येत नाही,” तो शांतपणे म्हणाला. “मला फक्त वरची येते.”

पुढे कितीतरी वर्षांनी त्यानं मला सांगितलं की खाली आणायची हाकही असते आणि त्यानं ती बऱ्याचदा दिली होती.

एक माशी आली आणि काकांच्या नाकावर बसली. काकांनी नाक उडवलं. माशी उठली, फिरली आणि पुन्हा तिथेच बसली.

“काका, काय ते लवकर ठरवा,” लॉट व्हीलर म्हणाला. हा लॉट कालव्यावर खोदकाम करून आलेला, एकवीस वर्षांचा, जमिनीचा तुकडा नाही, पण यंदा मत मिळालेलं. त्यामुळे स्वतःला भलताच शहाणा समजायचा. “माझे हात भरून आले.”

“ठरवू,” काका म्हणाले. त्यांना एकदम सुचलंच. “हल्डा, हे लोकांचं राज्य आहे. एकट्यादुकट्याच्या हट्टावर इथे काही चालत नाही. प्रश्न लोकांपुढे ठेवायचा. मान्य आहे?”

आई उठली. “मतदान?”

“मतदान.”

“निकाल लागेल तो सगळ्यांवर बंधनकारक?”

“मी अध्यक्ष असताना दुसरं कधी झालंय?”

“मत कुणाला आहे?”

काकांना नाकावरच्या माशीचा विसर पडला. त्यांच्या आवडीचा विषय होता हा. मान वाकडी असूनही त्यांचा आवाज चढला. “ज्यानं या कोठारासाठी घाम गाळला, त्याला मत! जमीन असो, नसो!”

“शाबास!” काठ्यांखालून दोनचार जण म्हणाले.

“आणि घ्यायचं कसं?”

“नेहमीसारखं. हात वर करून.”

हे शब्द तोंडातून निघाले आणि मग काकांच्या डोळ्यांत जे दिसलं ते मला अजून आठवतं. पण बोललेलं परत कसं घेणार? सगळ्या गावानं ऐकलं होतं.

“मेहिटी,” आई म्हणाली, “तू मोज. ज्यांना रम हवी, त्यांनी हात वर करा.”

कुणी हललं नाही. काठ्या करकरत होत्या.

“आमचे हात वरच आहेत की!” लॉट ओरडला.

 खरंच होते वर. सगळ्यांचेच. पण आईनं काकांकडे वळून अगदी आदबीनं विचारलं, “भाऊजी, तळवा उघडा हवा आणि हातात काही नको, असा तुमचाच नियम ना?”

काकांनी डोक्यावरच्या चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाले, “आहे तसा नियम.” खोटं बोलता आलं असतं त्यांना. ते बोलले नाहीत, आणि म्हणूनच मी म्हणते की काका वाईट नव्हते.

तेवढ्यात लॉटनं काठीवरचा एक हात सोडून वर केला. चौकट एकदम कलली. “मेल्या, हात लाव!” सगळे एका सुरात ओरडले आणि लॉटनं घाईघाईनं काठी पुन्हा धरली.

“रमच्या बाजूनं एक,” मी म्हटलं.

“आता ज्यांना रम नको, त्यांनी,” आई म्हणाली आणि स्वतःचा हात वर केला.

मी माझा केला. टेबलापाशी गावातल्या बायका उभ्या होत्या. पहाटेपासून त्या आमच्या भट्टीपाशी राबत होत्या, पाव भाजत होत्या, पाणी ओढत होत्या. घाम सगळ्यांचा निघालाच होता. एकीनं दुसरीकडे पाहिलं. मग पिठानं माखलेला एक हात वर गेला, मग दुसरा, मग सगळे. नवऱ्यांकडे कुणी बघेना, कारण नवरे त्यांच्याकडेच बघत होते.

सबमिटकाकू तेवढी राहिली होती. दोन्ही हात फडक्याखाली घेऊन उभी होती. मला वाटलं, ती काही करणार नाही. आयुष्यात तिनं काकांच्या उलट सलगमसुद्धा मागितलं नव्हतं. पण तिनं हात बाहेर काढला आणि हळूच वर नेला.

“सबमिट,” काका म्हणाले.

“त्या दिवशी एबेनच्या हातात बाटली तुम्ही दिलीत,” काकू म्हणाली.  “पण ती भरली होती मी. तीन वर्षं झाली, मला झोप नाही. आज तरी माझं मत मोजा.”

 माशी कधीच उडून गेली होती. आईला हे आधी ठाऊक होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. ती चालत काकूपाशी गेली आणि तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून उभी राहिली. हात तिनं खाली घेतला नव्हता. मला रडू आलं, पण मोजायचं काम माझ्याकडे होतं म्हणून मी ते आवरलं.

मोजता मोजता मी टायटसपाशी आले. त्याचे दोन्ही हात मोकळे होते. सगळ्या पुरुषांमध्ये त्याचेच.

नव्या कायद्यानं गोऱ्यांवरची जमिनीची अट काढली होती. काळ्या माणसावरची मात्र ठेवली होती, आणि ती एवढ्या जमिनीची होती की आमच्या तालुक्यात ती कुणाही काळ्या माणसाकडे नव्हती. लॉटला मत होतं, टायटसला नव्हतं. शिवाय समोर काठ्या धरून उभे होते ते सगळे त्याचं गिऱ्हाईक. उद्या त्यांनी दुसरा सुतार बघितला असता तर त्याला कुणाकडे दाद मागता आली नसती.

“टायटस,” आई म्हणाली, “तुम्ही घाम गाळलात की नाही?”

“महिनाभर,” तो म्हणाला.

त्यानं आधी चौकटीखालच्या प्रत्येक चेहऱ्याकडे पाहिलं, मग हात वर केला. पूर्ण वर, तळवा उघडा, नियमात होता अगदी तसा. आणि तो हात खाली घ्यायची त्याला काही घाई दिसली नाही.

“निकाल सांगा, अध्यक्ष,” आई म्हणाली.

काकांनी ओठ चावले. “रमचा ठराव पडला,” ते म्हणाले. “टायटस, आता तरी हाक दे बाबा. मेलो आम्ही.”

“सगळे मिळून,” टायटस गरजला, “वर!”

पाइन हॉलोमध्ये एवढ्या जोरानं कुठलीच चौकट कधी वर गेली नसेल. ती उभी राहिली, खुंट्या ठोकल्या गेल्या, आणि पुरुष जमिनीवर मिळेल तिथे पसरले. मी माठातलं पाणी घेऊन काकांकडे गेले. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एका दमात संपवलं. तीन पेले प्यायले. “शिरका जरा कमी घालत जा,” एवढंच म्हणाले.

दुपारपर्यंत चारही चौकटी उभ्या होत्या. रमच्या दिवशी यालाच संध्याकाळ होते, आणि एखाद्याचा अंगठा तरी चेचतो. त्या दिवशी सगळ्यांचे अंगठे शाबूत होते. जेवणं झाल्यावर नाव द्यायला वर कुणी चढायचं असा प्रश्न आला, तेव्हा काका म्हणाले, “ज्यानं एकट्यानं रमला मत दिलं, त्याला चढवा.” मतदान न घेता ते कबूल झालं.

लॉट आल्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन वर गेला. सगळ्यात वरच्या तुळईवर उभा राहिला, तांब्या रिकामा केला आणि अगदी रडव्या चेहऱ्यानं ओरडला, “हे बिनरमचं कोठार!” सगळे इतके हसले की तेच नाव पडलं आणि टिकलं. आई हसली नाही. ती खाली उभी राहून लॉटच्या पावलांकडे बघत होती, आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले तेव्हा तिनं श्वास सोडला.

तो लॉट तेव्हा मला जराही आवडत नव्हता. पुढे मी त्याच्याशी लग्न केलं ती गोष्ट वेगळी. त्याच्या त्या एका मतावरून मी त्याला आयुष्यभर बोलून घेतलं.

जुलैत गवत आत आलं. बुटांच्या खोलीचा विषय काकांनी पुन्हा काढला नाही. काकूच्या घरी आता बटाटे की सलगम याचं मतदान बरोबरीत सुटायचं आणि बहुतेक वेळा दोन्ही शिजायचं.

नोव्हेंबरात निवडणूक होती. काकांनी गाडीला रिबिनी बांधल्या, जनरलचं नाव लिहिलेली फळी लावली आणि गावातले पुरुष तिच्यात कोंबून तालुक्याला मत द्यायला निघाले. गाडी आमच्या कोठारासमोर थांबली. टायटस कोठाराचं मोठं दार बसवत होता, आई ते खालून धरून उभी होती आणि मी बिजागऱ्या पुढे करत होते.

“हल्डा, आम्ही मत द्यायला चाललो,” काका गाडीवरून म्हणाले. “तुमचं काही काम आहे का तालुक्याला?”

आईनं टायटसकडे पाहिलं. टायटसच्या तोंडात खिळे होते, त्यानं नुसती मान हलवली.

“काही नाही,” आई म्हणाली. “आम्ही आमचं जूनमध्येच दिलं.”

गाडीत कुणी हसलं नाही. काकांनी लगाम उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि आमच्या त्या कोठाराकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, आणि गाडी हलली तरी वळणापर्यंत ती परत घातली नाही.

“दार धरा, बाई,” टायटस खिळे काढून म्हणाला. “सुटलं तर पायावर येईल.”